शाळेची घंटा कुणाच्या हंगामावर वाजते?

(पहिल्या पिढीतील पदवीधरांच्या मेळाव्यातील भाषण)



आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात डिग्रीचा पहिला कागद आपणच आणला. माझा तो जवळजवळ हुकला होता. आई-वडील ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की मुकादमाची गाडी गावात यायची आणि माझी शाळा संपायची. एप्रिलमध्ये परतायचे, तेव्हा वार्षिक परीक्षा तोंडावर असायची आणि हजेरीपटावर शेरा: 'सतत गैरहजर'. मी गैरहजर नव्हते. धाकट्या भावाला कडेवर घेऊन फडात होते. तिथं शाळाच गैरहजर होती.

पाचवीत एका बाईंनी परतल्यावर रागावण्याऐवजी विचारलं, "फडावर काय काय मोजायचीस?" मोळ्या, टन, उचलीतून फिटलेले पैसे, सगळं सांगितलं. माझं गणित तिथून सुरू झालं. त्या मला भावाला घेऊन वर्गात बसू द्यायच्या.

पण सगळ्यांना अशा बाई भेटत नाहीत. म्हणून नियम बदलावा लागतो. २०२४ मध्ये सरकारनं चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरवलं. कारण, मुलांची झोप. चांगलंच झालं. म्हणजे मुलांसाठी घंटा पुढं सरकते! मग कोपीतल्या पोरांसाठी का नाही? वंजारी, बंजारा, मातंग, बौद्ध घरांतली ही पोरं. यांची झोप, यांचा हंगाम मोजायला कुणी बसत नाही, यालाच मी जात म्हणते.

२००९ चा शिक्षण हक्क कायदा पाचवीपर्यंत वर्षाला २०० दिवस मागतो, सहावी ते आठवीला २२०. ते कोणत्या महिन्यांत, हे त्यात बांधलेलं नाही. कलम ९ प्रमाणे शाळेचं वार्षिक वेळापत्रक स्थानिक प्राधिकरणानं ठरवायचं आणि स्थलांतरितांच्या मुलांना प्रवेशही त्यानंच द्यायचा.

हंगामी वसतिगृहं हवीतच. पण सहा वर्षांच्या मुलीला आई की शाळा, असं निवडायला लावू नका. तळावर वर्ग भरवा. परतलेल्यांसाठी एप्रिल-मेमध्ये सकाळची शाळा ठेवा. आल्याआल्या आधी खाऊ घाला, हजेरी मग.

ओडिशातल्या बलांगीरहून वीटभट्टीवर जाणाऱ्या मुलांचीही हीच गोष्ट आहे.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. ती बैठक दिवाळीआधी, आपले आई-बाप गावात असताना लावा. अर्ज तुम्ही लिहा. आपल्याला लिहिता येतं, ते याचसाठी.

जय भीम!