विषाची मात्रा आणि औषधाचा खर्च

पावसाळ्यात बोईसर-तारापूरच्या वसाहतीत किंवा पालघरच्या वाडीत कुत्र्याला घोणस चावली, की मालकाला पहिला धक्का बसतो तो बिलाचा. दहा किलोचं जनावर, मग औषध माणसाएवढं कसं? कारण प्रतिविषाची मात्रा रुग्णाच्या वजनावर नाही, अंगात गेलेल्या विषावर ठरते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालणारं, घोड्याच्या रक्तापासून बनवलेलं तेच औषध कुत्र्यालाही देतात. सरकारी दवाखान्यात माणसाला ते मोफत मिळतं, म्हणून त्याची किंमत आपल्याला कधी दिसत नाही. तेव्हा महाग म्हणजे लूट, असं सरसकट म्हणता येत नाही. मात्र खर्चाचा अंदाज आधी विचारणं हा मालकाचा हक्कच आहे.

अनेकांना वाटतं, थेट मुंबई गाठावी. परळचं बाई साकरबाई पेटिट रुग्णालय नावाजलेलं खरं; पण बोईसरहून ते शंभरेक किलोमीटर, आणि वाटेत घोडबंदरची कोंडी! धाप लागलेल्या जनावराला आधी जवळच सलाईन, प्राणवायू, प्रतिविष मिळायला हवं. मोठी तपासणी नंतर. जव्हार-मोखाड्यात माणसांचेच हाल, तिथे कुत्र्यांचे लाड कशाला, हा आक्षेप रास्त वाटतो. पण शेतकऱ्याच्या गाईलाही रात्री पशुवैद्यच लागतो. 1962 या क्रमांकावरची फिरती पशुवैद्यकीय सेवा मुख्यतः पशुधनासाठी आहे. तालुक्याच्या एका पशुदवाखान्यात रात्रपाळी आणि प्रतिविषाचा साठा ठेवला, तर गोठा आणि घर दोन्हींची सोय होईल.