जुनी म्हणजे कधीची?

(आपल्या संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील कोजागिरीच्या कार्यक्रमात, गच्चीवर केलेले भाषण. अनेक सभासदांनी मागणी केल्यामुळे स्मरणिकेसाठी थोडे नीटनेटके करून देत आहोत. – संपादक मंडळ)



मला दहा मिनिटं दिली आहेत. सेक्रेटरींनी घड्याळ हातातच धरलंय. दूध आटेपर्यंत वेळ काढायचा, एवढंच माझं काम आहे. पण आज मला एक कबुलीही द्यायची आहे, म्हणून जरा ऐकून घ्या.

तुम्हाला माहीत आहे, रौप्यमहोत्सवाच्या संगीत कार्यक्रमावरून जून महिन्यापासून आपल्याकडे वाद चालू आहे. ठराव होता, "कार्यक्रमात फक्त जुनी गाणी असावीत." सूचक मी होतो. मीटिंगला ए विंगमधली कॉलेजात जाणारी एक मुलगी आली होती. तिनं हात वर केला आणि विचारलं, "काका, जुनी म्हणजे कधीची?" मी म्हटलं, "जुनी म्हणजे... जुनी!" ती म्हणाली, "माझ्या आईची जुनी गाणी नव्वद सालची आहेत. ती चालतील का?" मी म्हटलं, "छे छे, तो धांगडधिंगा!" आणि समोर बसलेल्या तिच्या आईचा चेहरा पडलेला मी पाहिला.

मीटिंग तहकूब झाली. पण तो प्रश्न काही माझ्या डोक्यातून गेला नाही.

माझा जन्म १९५२ चा. त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली. म्हणजे गीतमाला आणि मी एका वयाचे. दर बुधवारी रात्री आठ वाजता अमीन सायानींचा आवाज लागला की आमच्या गिरगावातल्या चाळीत सामसूम व्हायची. पण आमच्या घरात नाही. आमच्या वडिलांना नाट्यसंगीताचा नाद. बालगंधर्वांपुढे त्यांना कोणी दिसायचंच नाही. सिनेमाचं गाणं लागलं की ते उठून रेडिओ बंद करायचे. "हे गाणं आहे की गारुड्याचा खेळ?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मग मी शेजारच्या बिऱ्हाडाच्या दारात उभा राहून गीतमाला ऐकायचो आणि गाण्यांचे क्रमांक वहीत लिहायचो. ती वही अजून माझ्याकडे आहे.

वडील एकटे नव्हते बरं का. १९५२ साली बा. वि. केसकर हे आपले मराठी गृहस्थ नभोवाणीमंत्री झाले. शास्त्रीय संगीताचे जाणकार. सिनेमाची गाणी उथळ आहेत, त्यांनी लोकांची अभिरुची बिघडते, असं त्यांचं मत. त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून सिनेमाचं गाणं जवळजवळ हद्दपार झालं. लोक काय करणार? त्यांनी काटा सिलोनकडे फिरवला. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू झाली आणि गाणी पुन्हा देशात आली.

म्हणजे बघा. आज आपण ज्या काळाला सुवर्णकाळ म्हणतो, नौशाद, शंकर-जयकिशन, मदन मोहन, लताबाई, रफीसाहेब यांचा काळ, त्याच काळात जाणती माणसं म्हणत होती की संगीत संपलं!

केसकरांवर अन्याय करायला नको. त्यांच्याच कारकिर्दीत शास्त्रीय संगीताला आकाशवाणीवर मानाचं पान मिळालं, सुगम संगीतालाही जागा मिळाली. गीतरामायण पुणे आकाशवाणीनंच दिलं. १ एप्रिल १९५५, रामनवमीपासून वर्षभर, गदिमांचे शब्द आणि बाबूजींचं संगीत, एकूण ५६ गाणी. दर आठवड्याला नवं गीत. तेव्हा मंत्रिमहोदयांची आवड चांगलीच होती. चूक एवढीच की आपल्या आवडीबाहेरचं ते सगळं टाकाऊ, असं त्यांना वाटलं.

त्या मीटिंगनंतर मी माझी वही काढली. म्हटलं, आपण म्हणतो ना सगळी जुनी गाणी सोन्याची, तर एकेक पान वाचून बघू. तर काय सांगू! एका पानावर दोन गाणी अशी की वाचताच डोळ्यांत पाणी आलं. चार-पाच ओळखीची. आणि बाकीची? मीच लिहिलेली, माझंच अक्षर, पण चाल आठवेना. सौ.ला म्हणून दाखवायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, "हे कुठलं हो? आणि ही तर नुसती यमकं जुळवलीयत!" नातवानं मोबाईलवर शोधून दिली, ऐकली, आणि खरं सांगतो, काही गाणी विसरलो तेच बरं झालं.

आमच्या घरी तांदूळ निवडायला बसायचे तेव्हा आई म्हणायची, निवडलेल्या तांदळाची न निवडलेल्याशी तुलना करू नये. आपण नेमकं तेच करतो. पन्नास-साठ वर्षांनी खडे, भुसा काढून जुन्या गाण्यांचा तांदूळ ताटात आणला. नवी गाणी मात्र पोत्यातून तशीच, खड्यांसकट. मग म्हणायचं, बघा, खडे लागतात!

"नव्या गाण्यांत सगळी चोरी असते," असंही मी मीटिंगमध्ये म्हटलं होतं. तर 'छाया' या १९६१ च्या चित्रपटात सलील चौधरींचं जे लाडकं द्वंद्वगीत आहे, त्याची चाल मोझार्टच्या चाळिसाव्या सिम्फनीवरून घेतलेली आहे. सलीलदांनी त्याचं सोनं केलं, वादच नाही. पण मग आजच्या पोरांना लगेच चोर म्हणताना जीभ जरा आवरावी.

आणखी एक. मानसशास्त्रवाले सांगतात की माणसाला दहा ते तीस या वयातल्या आठवणी सगळ्यात जास्त आणि ठळक राहतात. 'आराधना' १९६९ साली आला तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. त्या गाण्यांबरोबर मला काय काय ऐकू येतं, हे मी सौ.समोर सांगणार नाही! गाणं चांगलंच आहे, पण त्यातलं निम्मं माझं सतरावं वर्ष आहे. ते आजच्या गाण्यानं मला कसं द्यावं?

आता कोणी म्हणेल, काका पक्ष बदलून तिकडे गेले. तसं नाही. काही गोष्टी खरंच गेल्या आहेत, आणि त्या सांगितल्याच पाहिजेत.

पहिली म्हणजे माणसं. त्या काळी गायक आणि सगळा वाद्यवृंद एकाच वेळी स्टुडिओत असायचा. एकाची चूक झाली की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. त्या व्हायोलिनच्या रांगांमध्ये, ट्रम्पेटवर, गोव्याची कितीतरी मंडळी होती. सेबॅस्टियन डिसूझांनी शंकर-जयकिशनच्या गाण्यांचं वाद्यवृंद संयोजन केलं. अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलालना व्हायोलिन शिकवलं, म्हणून तर 'अमर अकबर अँथनी'मध्ये ते नाव आलं. यातल्या बहुतेकांची नावं तबकडीवर कधी छापलीच नाहीत. पुढे सिंथेसायझर आला, एक माणूस चाळीस जणांचं काम करू लागला, आणि हे वादक हळूहळू घरी बसले. ते नुकसान खरं आहे.

दुसरी म्हणजे आवाजातला चढउतार. २०१२ साली स्पेनमधल्या संशोधकांनी १९५५ ते २०१० मधली पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताची चार लाखांहून अधिक ध्वनिमुद्रणं संगणकावर तपासली. त्यांना आढळलं की गाणी अधिकाधिक मोठ्या आवाजात मुद्रित होत गेली आणि नादातली विविधता कमी होत गेली. अभ्यास तिकडचा आहे, पण आपल्याही नव्या गाण्यांत मला तेच जाणवतं. हळू म्हटलेलं आणि जोरात म्हटलेलं सारखंच कानावर आदळतं.

तिसरी म्हणजे घाई. स्पॉटिफायवर गाणं निदान ३० सेकंद ऐकलं तरच ते मोजलं जातं. मग सुरुवातीच्या त्या सुंदर वाद्यमेळाला वेळ कोण देणार? पण इथंही जरा थांबा. आपल्या वेळच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावायची. गाणं तेवढ्यात बसवावं लागे आणि त्यालाच आपण "काय गोळीबंद रचना!" म्हणतो. यंत्राचा हुकूम तेव्हाही होताच. आता यंत्र बदललं आहे.

आणि चौथी, माझ्या मते सगळ्यात मोठी. तेव्हा चाळीत रेडिओ मोजके. पोस्टात लायसनचे पैसे भरावे लागत. एक लावला की दहा बिऱ्हाडं ऐकायची. आवडो न आवडो, एकमेकांची गाणी कानावर पडायचीच. आज आमच्या घरात चार माणसं, चार मोबाईल, आठ कान, आणि प्रत्येकाचं गाणं वेगळं. गाणी वाईट झाली की नाही, सांगता येत नाही. एकत्र ऐकणं मात्र नक्की गेलं.

अजून एक गोष्ट त्या मुलीच्या प्रश्नानं मला दाखवली. आमच्या 'जुन्या गाण्यां'च्या यादीत भावगीतं होती, नाट्यगीतं होती, हिंदी गाणी होती. प्रल्हाद शिंदे नव्हते. शाहीर साबळे, विठ्ठल उमप नव्हते. एकही कोळीगीत नव्हतं, एकही लावणी नव्हती. का? तीही जुनीच की! पहाटे पाचला आपल्या वॉचमनच्या केबिनमधून प्रल्हाद शिंदेंच्या आवाजातलं विठ्ठलाचं गाणं येतं, ते ऐकतच मी फिरायला निघतो. त्यांचे चिरंजीव आनंद शिंदे, नातू आदर्श शिंदे. तिसरी पिढी आज सिनेमात गाते आहे आणि विसर्जनाला आपण सगळे, हो, चेअरमनसाहेबसुद्धा, त्यांच्या गाण्यांवर नाचतो. पण कार्यक्रमाची यादी करताना त्यांची आठवण झाली नाही. म्हणजे 'जुनी' म्हणताना आम्ही खरं तर 'आमची' म्हणत होतो.

आता ती कबुली.

आपल्या सोसायटीचा सहावा गणेशोत्सव. जुन्या सभासदांना आठवत असेल. पार्किंगमध्ये मांडव होता. माझा मुलगा तेव्हा सतरा वर्षांचा. पॉकेटमनी साठवून त्यानं एक की-बोर्ड घेतला होता आणि ए. आर. रहमानचं एक गाणं महिनाभर बसवलं होतं. तो वाजवायला लागला. मी सांस्कृतिक समितीचा प्रमुख. मला ते सहन होईना. मी उठलो, मेन स्विच बंद केला आणि माइकशिवायच सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "हे गाणं आहे की गारुड्याचा खेळ?"

वडिलांचंच वाक्य. अक्षरशः तेच.

मुलगा काही बोलला नाही. की-बोर्ड माळ्यावर गेला. त्यानं पुन्हा कधी वाजवलं नाही, आणि गणपतीत स्टेजवरही कधी आला नाही. आज तो पुण्याला असतो, सगळं उत्तम आहे, आमचं बोलणंही असतं. पण गाण्याविषयी आम्ही त्यानंतर एकदाही बोललो नाही. वीस वर्षं होत आली. मीटिंगमध्ये त्या आईचा चेहरा पडला ना, तेव्हा मला तो मांडव आठवला.

मागच्या महिन्यात मी त्याला फोन केला. विचारलं, "तुझा तो की-बोर्ड खाली काढू का?" तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बाबा, अडॅप्टर वेगळ्या पिशवीत आहे." बस, एवढंच. आता नातू तो दुरुस्त करतोय. दोन पट्ट्या वाजत नाहीत.

नातवानं मलाही शिकवणी लावली आहे. एक इअरफोन त्याच्या कानात, एक माझ्या. 'नटरंग' ऐकला, 'कट्यार'ची नवी गाणी ऐकली, 'सैराट' ऐकला. त्याच्यासाठी अजय-अतुल यांनी हॉलिवूडला जाऊन सिम्फनी ऑर्केस्ट्रासह ध्वनिमुद्रण केलं, हे मला माहीतच नव्हतं. ज्या व्हायोलिनच्या रांगांसाठी मी हळहळत होतो, त्या 'झिंगाट'वाल्या सिनेमात होत्या! काही गाणी मुळीच आवडली नाहीत. तसं त्याला सांगितलं. त्यालाही माझी काही आवडली नाहीत. पण दोघांनीही गाणं शेवटपर्यंत ऐकलं. स्विचला कोणी हात लावला नाही.

तर मंडळी, जुनी गाणी खरंच चांगली होती का? जी उरली, ती होती, म्हणून तर उरली. आजच्यातली कुठली उरतील, ते टाकीवर बसलेली ही मंडळी पन्नास वर्षांनी ठरवतील. तेव्हा ते आपल्या नातवंडांना "हा काय धांगडधिंगा" म्हणतील, याची मात्र मी लेखी हमी देतो.

माझा ठराव मी मागे घेतो. त्याऐवजी नवी सूचना मांडतो. प्रत्येक घरानं एक गाणं सुचवावं, कुठल्याही सालचं, कुठल्याही भाषेचं. ते का आवडतं, हे दोन वाक्यांत सांगावं. वॉचमन आणि सफाई करणाऱ्या ताईंकडूनही एकेक गाणं घ्यावं. सगळ्यांनी सगळी ऐकावीत, मध्येच उठून जाऊ नये. आवाज बेताचा, आणि रात्री दहाला बंद. हा नियम नव्या गाण्यांइतकाच आपल्या भजनी मंडळालाही लागू!

आणि एक वैयक्तिक विनंती. कार्यक्रमात आमच्या घराला दहा मिनिटं द्या. मुलगा येतो म्हणालाय. नक्की नाही, पण म्हणालाय. तो आला, तर त्या वेळी अर्धवट राहिलेलं गाणं त्याला पूर्ण वाजवू द्या. मेन स्विचपाशी मी स्वतः उभा राहीन. कोणालाही हात लावू देणार नाही.

दूध आटलेलं दिसतंय. थांबतो.

– एक ज्येष्ठ सभासद, बी विंग