सेफ्टी बाहेर द्यायची, पण किती?

छोट्या युनिटवाल्यांचा नेहमीचा प्रश्न: सेफ्टीसाठी आपला माणूस ठेवायचा की एजन्सी लावायची? आज तेवढंच बोलू.

आधी कायदा. १९४८ च्या कारखाने अधिनियमात १००० किंवा जास्त कामगार असले की सुरक्षा अधिकारी नेमावाच लागायचा. २०२० च्या संहितेत हा आकडा ५०० वर आणलाय, धोकादायक प्रक्रियेसाठी २५०. म्हणजे ऐंशी माणसांच्या प्रेस शॉपला ही सक्ती नाही. मग ठरतं कशावर? खरं सांगू, कोटेशनवर. एकीकडे पूर्णवेळ पगार, दुसरीकडे एजन्सीचा माणशी दर. छोट्या आकड्यावर सही होते.

पण माणशी दर म्हटलं की भराभर डोकी मोजणं आलं. चाकणजवळ एका ठिकाणी मी पाहिलं, ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, चक्क कँटीनमध्ये चाललेली. तीही भर शिफ्टमध्ये, भिंतीपलीकडे प्रेस धडधडतायत! अहो, आवाजातून उठून आलेल्या माणसाचा कान काही तास तसाही मंद असतो. ही तपासणी शिफ्टच्या आधी, शांत खोलीत व्हायला हवी. त्या दिवशीच्या कागदांवरून कुणाचा कान कायमचा उतरलाय ते कळणारच नव्हतं. आणि आवाजाने गेलेलं ऐकणं परत येत नाही.

एजन्सी नकोच, असं नाही. आवाजाचं मोजमाप, फुफ्फुसांची तपासणी, धुळीचे नमुने, यांची उपकरणं वर्षातल्या दोन दिवसांसाठी कशाला पोसायची? खुशाल बाहेर द्या. पण गार्ड काढून चालवलेली प्रेस थांबवणारा माणूस आतलाच हवा, आणि प्रॉडक्शन मॅनेजरपुढे त्याच्या शब्दाला वजन हवं. महिन्यातून एकदा येणाऱ्याला गार्ड कायम बसवलेलाच दिसतो!

करारात एक गोष्ट मी आवर्जून लिहून घ्यायला सांगतो: अहवाल नावांच्या यादीत नको, मशीननुसार हवा. एकाच प्रेसवरच्या तिघांचे कान उतरलेत, हे तेव्हाच दिसतं. तो कोण वाचणार आणि किती दिवसांत, तेही लिहा. नाहीतर एचआरच्या कपाटात फाइल जाते, संपलं.

आणि हो, कायद्याच्या भाषेतला भोगवटादार, कंपनी असेल तर संचालकांपैकी एक, तो एजन्सी लावूनही जबाबदारच राहतो. बरेच मालक हे कलम नोटीस आल्यावर वाचतात.

पुढच्या भागात कंत्राटी कामगारांच्या तपासण्यांविषयी बोलू. प्रश्न असतील तर पाठवा.