अडकलेला वॉटर पंप

आज कोड नाही, डिझेल इंजिन. मालवणात काकांच्या जुन्या गाडीचा वॉटर पंप गळत होता. याच गाडीतून रोज मासळी बाजारात जाते, म्हणजे गाडी बंद तर धंदा बंद. कूलंट काढला, बेल्ट काढला, सगळे बोल्ट सुटले; पंप मात्र ढिम्म.

पंप अ‍ॅल्युमिनियमचा, ब्लॉक बिडाचा. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारट ओल, की अ‍ॅल्युमिनियम झिजतं आणि त्याची पांढरी पूड फटीत घट्ट बसते. त्यात रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं विहिरीचं पाणी! (कूलंट महाग वाटतो ना.)

फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायचा मोह होतो. नका करू. ब्लॉकच्या तोंडावर चरा पडला, तर नवीन पंपही गळणार. आमच्या मेकॅनिकने कडेने गंज सोडवणारं तेल मारलं, रात्रभर ठेवलं. सकाळी लाकडी ठोकळा धरून दोन्ही बाजूंनी आळीपाळीने हलके ठोके. त्याचं एकच पालुपद, "मारू नको रे, तेका हलव." शेवटी एक कड केसभर सरकली, मग पंप हातानेच निघाला.

आता निम्मा कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी. भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवा आणि आतली हवा नीट काढा. हवा राहिली तर तापमानाचा काटा पुन्हा वर.