प्रश्न विचारणाऱ्यांचीही परीक्षा
(सामान्य ज्ञान स्पर्धेच्या पारितोषिक वितरणप्रसंगी स्पर्धा समितीच्या वतीने केलेले भाषण)



बक्षिसे वाटून झाली आहेत. चहा यायला अवकाश आहे, तोवर समितीने चार शब्द बोलावेत असे अध्यक्षांनी सुचविले. यशस्वी मुलांचे कौतुक झालेच आहे. आम्हांला मात्र एका न मिळालेल्या बक्षिसाविषयी बोलायचे आहे.

गोष्ट २०१४ सालची. दिवाळीच्या सुट्टीआधी जव्हार आणि मोखाडा तालुक्यांतील मुलांसाठी आम्ही लेखी स्पर्धा घेतली. त्यात एक अगदी सोपा प्रश्न होता : महाराष्ट्रात एकूण जिल्हे किती? आमच्या उत्तरसूचीत ३५ होते. मोखाड्याकडच्या एका आश्रमशाळेतील मुलीने ३६ लिहिले. तपासणाऱ्याने लाल फुली मारली आणि एका गुणाने तिचे तिसरे बक्षीस हुकले. कार्यक्रम संपल्यावर ती टेबलापाशी आली. "सर, तुम्ही पालघर धरला का?" एवढेच तिने विचारले.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा राज्याचा ३६ वा जिल्हा झाला. पालघर, वसई, डहाणू, तलासरी, वाडा, विक्रमगड, जव्हार आणि मोखाडा असे आठ तालुके त्यात आले. म्हणजे ज्या गावात बसून आम्ही तो पेपर तपासत होतो, ते गावच नव्या जिल्ह्यात गेले होते! वर्तमानपत्र आम्ही वाचत होतो, भाषणे ऐकत होतो. पण उत्तरसूची बाजारातल्या जुन्या मार्गदर्शकावरून उतरवली होती. त्या मुलीने मार्गदर्शक पाहिलेला नव्हता. वडिलांनी आणलेल्या दाखल्यावर 'जि. ठाणे' खोडून 'पालघर' लिहिलेले तिने पाहिले होते.

चूक आमची होती. पुढच्या कार्यक्रमात ती जाहीरपणे कबूल करून तिला बक्षीस दिले. पण त्या दिवशीच्या टाळ्या दुसऱ्याला मिळाल्या होत्या, त्या आम्हांला परत करता आल्या नाहीत.

त्यानंतर आम्ही जुने सगळे पेपर काढून बसलो. किती उत्तरे शिळी झाली होती! भारतातील राज्ये किती? २ जून २०१४ रोजी तेलंगणा झाल्यावर २९, आणि ३१ ऑक्टोबर २०१९ रोजी जम्मू-काश्मीरचे केंद्रशासित प्रदेश झाल्यावर पुन्हा २८. सिनेमाच्या प्रश्नात तर वेगळीच गंमत. पहिला भारतीय चित्रपट कोणता? आमचे उत्तर 'राजा हरिश्चंद्र', दादासाहेब फाळके, १९१३. एका मुलाने 'श्री पुंडलिक' लिहिले. दादासाहेब तोरण्यांचा 'पुंडलिक' १९१२ सालीच मुंबईत दाखवला गेला होता. परंतु ते एका नाटकाचे चित्रीकरण होते, म्हणून पहिलेपणाचा मान बहुतेक जण फाळक्यांना देतात. आता हे सारे एका गुणाच्या प्रश्नात कसे मावणार? तो प्रश्न आम्ही काढूनच टाकला. मुलाला गुण दिला.

दुसरी गोष्ट आमच्या उशिरा लक्षात आली. सिनेमा, क्रिकेट, दूरदर्शन यांवरचे प्रश्न आले की गावातली मुले पुढे जात आणि पाड्यावरची मागे राहत. 'कौन बनेगा करोडपती' २००० साली सुरू झाले आणि मुंबईच्या हर्षवर्धन नवाथेने त्यात पहिल्यांदा एक कोटी जिंकले, हे ज्याच्या घरी टीव्ही त्याला पाठ. ज्याच्या घरी टीव्ही नाही तो काय अडाणी? मग आम्ही विचारले, तारपा कशाचा करतात? गावातल्या मुलांनी 'लाकडाचा' लिहिले. पाड्यावरच्या मुलांनी वाळलेला भोपळा, बांबू, मेण, ताडाचे पान, सगळे क्रमाने दिले. वारली चित्रकला जगभर नेणारे जिव्या सोमा म्हसे यांना पद्मश्री २०११ साली मिळाली. तेही आमच्याच जिल्ह्यातले, डहाणू तालुक्यातले. असे प्रश्न वाढवले तेव्हा बक्षिसांच्या यादीतली आडनावे बदलली. काही पालकांना ते रुचले नाही. "स्पर्धा परीक्षेत तारपा विचारतात का?" असे एकाने ऐकवले. विचारत नसतील. आम्ही विचारतो.

याचा अर्थ सिनेमा वर्ज्य नाही. जब्बार पटेलांच्या 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' चित्रपटात बाबासाहेबांची भूमिका मल्याळी नट मामुट्टी यांनी केली आणि त्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, हा प्रश्न आम्ही मुद्दाम ठेवतो. वामनदादा कर्डकांचे गाव विचारतो : सिन्नर तालुक्यातील देशवंडी.

महाडचा प्रश्न दरवर्षी असायचा. २० मार्च १९२७, चवदार तळे. सगळ्यांना येतो, म्हणून एका वर्षी आम्ही तो फिरवला. मुंबई कायदे मंडळात बोले यांचा ठराव १९२३ साली मंजूर झाला होता, सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले झाले होते; मग १९२७ साली तळ्यावर जाण्याची वेळ का आली? दोन गुण. पुष्कळांनी जागा कोरी सोडली. एका मुलाने लिहिले, "ठराव कागदावर होता आणि पाणी तळ्यात होते." त्याच पेपरात पुढचा प्रश्न होता, मोखाडा तालुक्यातील मध्य वैतरणा धरणाचे पाणी कोणत्या शहराला जाते? त्याने 'मुंबई' लिहून कंसात भर घातली होती, "आमच्या पाड्यावर उन्हाळ्यात टँकर येतो." कंसाला गुण नव्हते. परीक्षकांनी तो कंस समितीच्या बैठकीत वाचून दाखवला आणि बराच वेळ कोणी बोलले नाही.

आता व्यवस्थेविषयी थोडे. स्पर्धा दिवाळीपूर्वीच होईल, कारण दिवाळीनंतर कित्येक कुटुंबे भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात आणि मुलेही बरोबर जातात. प्रत्येक उत्तरापुढे ते कोठून घेतले हे आम्ही लिहितो. पेपर संपताच उत्तरसूची भिंतीवर लागते आणि अर्धा तास हरकतीसाठी असतो.

यंदाही एक हरकत आली आहे. सोपाऱ्याला सम्राट अशोकाचा कितवा शिलालेख सापडला, या प्रश्नाचे आमचे उत्तर 'आठवा' होते. पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली तेथील स्तूप उकलला, त्याच वेळी त्या लेखाचा तुकडा मिळाला. एका विद्यार्थिनीने 'नववा' लिहिले. आम्ही पुस्तक काढून पाहिले. नवव्या लेखाचाही तुकडा १९५६ साली त्याच परिसरात सापडलेला आहे. दोन्ही उत्तरांना गुण दिले आहेत. त्यामुळे उत्तेजनार्थ बक्षिसांत एकाची भर पडते. बैठक क्रमांक ४७ च्या मुलीने जाण्यापूर्वी टेबलाकडे यावे. जयभीम.