पाणी घरी कोण आणतं?

(माध्यमिक शिक्षक आणि स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्या यांच्या एकत्र शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'शिक्षकांनी बनवलेले व्हिडिओ गेम' हा विषय वाचून सकाळी चहाच्या वेळी दोघीतिघींनी विचारलं, "अगं, तू या भानगडीत कधी पडलीस?" प्रश्न रास्त आहे. मी समाजकार्याची पदवी घेऊन किशोरवयीन मुलींबरोबर काम करणारी बाई. संगणकातलं मला बेताचंच कळतं. पण गेल्या वर्षी मराठवाड्यातल्या एका माध्यमिक शाळेत मुलींच्या गळतीच्या कामासाठी जात होते आणि तिथल्या शिक्षकांनी मला त्यांच्या खेळांच्या उद्योगात ओढून घेतलं. तिथे जे पाहिलं ते आपल्या चळवळीच्या कामाचं आहे, म्हणून आज बोलते आहे.

आधी थोडं तंत्राचं. स्क्रॅच नावाची एक मोफत प्रणाली आहे. अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबने ती २००७ साली लोकांसाठी खुली केली. तिच्यात आज्ञा टंकत बसावं लागत नाही, रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे. 'असं झालं तर तसं कर', 'हे दहा वेळा कर', 'गुण एकने वाढव', असे ते ठोकळे. संगणकावर एकदा उतरवून घेतली की इंटरनेटही लागत नाही. एवढ्या सामग्रीवर इतिहासाच्या, विज्ञानाच्या, भूगोलाच्या शिक्षकांना आपापल्या धड्यावर खेळ रचता येतो.

त्या शाळेतल्या भूगोलाच्या सरांनी गावच्या पाण्यावर एक खेळ रचला होता. खेळणारा सरपंच. पाऊस कमी झालेला, गावात एक विहीर, दोन बोअर. ऊस लावू द्यायचा की ज्वारी? टँकर कधी मागवायचा? उसाने पैसा येतो, पण पडद्यावरची विहीर भराभर खाली जाते. बारा महिने निभावले की जिंकलात. खेळ खरोखर चांगला होता. भूजलाचा धडा फळ्यावर शिकवताना जांभया देणारी आठवीची मुलं "सर, अजून एकदा" म्हणून मागे लागली होती.

तिसऱ्या दिवशी मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "सर, विहिरीतलं पाणी घरी कोण आणतं?"

सर म्हणाले, "अगं, ते खेळात नाही. ते धरून चालायचं."

सर सज्जन आहेत, त्यांनी ते सहज म्हटलं. पण 'धरून चालायचं' हे शब्द माझ्या डोक्यातून जाईनात. कारण ती मुलगी रोज सकाळी पाच खेपा करून शाळेत येत होती आणि पहिला तास चुकला म्हणून उभी राहत होती. केंद्र सरकारच्या २०१९ सालच्या वेळ-वापर पाहणीत घरच्या बिनपगारी कामाला दिवसाकाठी बायकांची २९९ मिनिटं आणि पुरुषांची ९७ मिनिटं जातात असं निघालं. हे काम करणाऱ्या बायका आणि करणारे पुरुष, यांचीच ही सरासरी. घरकामाला हातही न लावणारे पुरुष त्या ९७ मध्ये धरलेलेच नाहीत. आपण ही आकडेवारी भाषणांतून सांगतो. आणि इथे एका खेळात ती सगळी मिनिटं शून्य झाली होती, कारण रचणाऱ्याने त्यांच्यासाठी ठोकळाच लावला नव्हता.

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. शिक्षकांनी रचलेला जगातला सर्वांत गाजलेला खेळ म्हणजे 'द ऑरेगॉन ट्रेल'. १९७१ साली मिनिआपोलिसमध्ये डॉन रॅविच, बिल हाइनमन आणि पॉल डिलेनबर्गर या तीन शिकाऊ शिक्षकांनी तो दोनेक आठवड्यांत तयार केला. रॅविच आठवीला इतिहास शिकवत होते, बाकीचे दोघे गणिताचे. तेव्हा पडदाही नव्हता. टेलिप्रिंटरसारख्या यंत्रावर प्रश्न कागदावर छापून यायचा आणि मुलांनी उत्तर टंकायचं. १८४७ साली अमेरिकेच्या पश्चिमेकडे बैलगाडीने निघालेलं पाच माणसांचं कुटुंब, दोन हजार मैलांचा प्रवास. या खेळाचा आज्ञासंच १९७८ साली 'क्रिएटिव्ह कॉम्प्युटिंग' मासिकात छापला गेला. त्यात गाठीला ९०० डॉलर असतात, २०० गाडीला जातात, उरलेले बैल, धान्य, काडतुसं, कपडे आणि किरकोळ सामान यांच्यात वाटायचे. वाटेत मधूनमधून विचारतात, कसं जेवणार? बेताचं, मध्यम की भरपेट? उत्तराप्रमाणे धान्य कमी होतं. स्वयंपाक मात्र कुणीच करत नाही!

त्याच वाटेने प्रत्यक्ष गेलेल्या बायकांच्या रोजनिश्या लिलियन श्लिसेल या इतिहास-अभ्यासक बाईंनी १९८२ साली पुस्तकरूपाने आणल्या. त्या काळच्या त्या वाटेवर बायकांनी काय केलं? रानबैलांचं वाळलेलं शेण वेचून चुली पेटवल्या, नदीवर धुणी धुतली, गाडीतच बाळंतपणं काढली. गोवऱ्या वेचणं आपल्याला काही नवं नाही. पण लाखो मुलांनी जो प्रवास खेळून पाहिला त्यात हे नव्हतं. तिथल्या मूळ आदिवासींनाही तो खेळ परक्याच्याच नजरेतून दाखवत होता; २०२१ साली नवी आवृत्ती काढताना त्या समाजातल्या इतिहासतज्ज्ञांना सल्ल्यासाठी बसवावं लागलं. त्या तीन तरुणांना दोष देण्यासाठी हे सांगत नाही. इतिहास जिवंत करण्याची त्यांची धडपड खरी होती. त्यांच्या टेबलाशी कोण बसलं नव्हतं, एवढंच मी बघते आहे.

आमच्या टेबलाशी मात्र ती मुलगी होती. सरांनी तिला आणि आणखी चौघींना बसवून घेतलं, हा त्यांचा मोठेपणा. पाचजणींनी घरचा दिवस तास-तासाने सांगितला. मग खेळात एक घर आलं : आई, वडील, आजी, एक मुलगा, एक मुलगी. विहीर खाली गेली की खेपेचा वेळ वाढायचा आणि ती खेप कुणी करायची ते खेळणाऱ्याने ठरवायचं. वडिलांना पाठवलं तर मजुरी बुडते. आईला पाठवलं तर तिचीही मजुरी बुडते आणि चूल उशिरा पेटते. मुलग्याला किंवा मुलीला पाठवलं तर शाळा बुडते.

आणि इथे खरी पंचाईत झाली. दोन दिवसांत मुलांनी जिंकायची युक्ती शोधून काढली. मुलीला शाळेतून काढा! मग पाणी वेळेवर येतं, आईवडील दोघं मजुरीला जातात, पैसे साठतात, बारा महिने आरामात निघतात. मुलगेच नव्हे, मुलीही हेच करून जिंकत होत्या. आमच्या त्या मुलीनेही केलं. मी विचारलं तर म्हणाली, "ताई, असंच तर करतात."

सर हादरले. खेळ काढूनच टाकू म्हणाले. शाळेतल्या एक बाई म्हणाल्या, मुलीला काढलं की पन्नास गुण वजा करा, प्रश्न मिटला. मला ते पटलं नाही. गुण वजा केले की मुलं मुलीला काढणार नाहीत, पण ती वजाबाकीच्या भीतीने. घराला ते परवडतं का आणि का परवडतं, हा प्रश्न झाकलाच जाईल. आमचा बराच वाद झाला. शेवटी ठरलं की नियम तसेच ठेवायचे, फक्त बारा महिन्यांवर खेळ थांबवायचा नाही. पुढची दहा वर्षं पडद्यावरून झरझर जातात. मुलीचं लग्न कधी होतं, तिच्या हातात कोणतं काम येतं, पुढच्या दुष्काळात तिच्या घरी पाण्याला कोण जातं. सरपंचालाही एक नवा पर्याय दिला : उसाचं पाणी तोडून नळयोजना घ्यायची. तो निवडला की गावातले बागायतदार नाराज होतात आणि पुढची निवडणूक अवघड जाते. म्हणजे प्रश्न घरातून उठून ग्रामपंचायतीत गेला. त्या तासाला वर्गात जो गोंधळ झाला, तसा माझ्या कुठल्याच जाणीवजागृतीच्या सत्रात झालेला नाही. तरीही सांगते, काही मुलं अजून मुलीलाच काढतात आणि हसतात. ते हसणं मला बोचतं. त्यावर माझ्याकडे आज उत्तर नाही.

आणखी दोन गोष्टी थोडक्यात सांगते. संगणक-खोलीत माऊस कुणाच्या हातात असतो ते पाहा. एका यंत्रापाशी चारजण बसले की मुलगा चालवतो, मुली मागून सांगतात. घरी मोबाइलवर खेळतील म्हणावं तर २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वतः वापरायचा मोबाइल असलेल्या बायका देशात ५४ टक्क्यांच्या आसपासच होत्या. आठवीतल्या मुलीला तो मिळाला तरी भाऊ मागून डोकावतोच. म्हणून आमचे खेळ शाळेत, शाळेच्याच वेळेत.

दुसरी गोष्ट विज्ञानाच्या बाईंची. दहावीचा प्रजननाचा भाग वर्षानुवर्षं "घरी वाचून या" म्हणून सोडून दिला जातो. बाईंनी त्यावर मासिक पाळीच्या चक्राचा खेळ रचला आणि मुलगे-मुली एकत्र बसवून घेतला. मुलग्यांनी गंभीरपणे प्रश्न विचारले, त्याचं बाईंनाच नवल वाटलं. कौतुक झालं, फोटो निघाले. पण तो खेळ बाईंनी रात्री साडेदहानंतर रचला होता, भांडी आवरून, सासूबाईंची औषधं देऊन. सरांनी त्यांचा खेळ मोकळ्या तासाला रचला. बाईंचा मोकळा तास मुलींच्या तक्रारी ऐकण्यात जायचा. 'उत्साही शिक्षिका' म्हणून सत्कार करताना त्या तासांचा हिशेब कुणी मांडला नाही. म्हणजे पाणी घरी कोण आणतं, हा प्रश्न खेळ बनवणाऱ्यांच्या खोलीतही होताच. आज आलेल्या मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे, की हे काम वेळापत्रकात बसवा आणि त्याला तास द्या.

आणि बायांनो, तुम्हाला एक काम. शिक्षकांना धडा येतो, ठोकळेही येतील. रेशनच्या रांगेतला दिवस, ऊसतोडीला जाताना शाळेत न पोचणारी पोर, बचतगटाचा हप्ता, हे तुम्हाला माहीत आहे. जेवणानंतर शेजारच्या खोलीत पाच संगणक लावले आहेत. एकेका यंत्रापाशी एक शिक्षक आणि तुमच्यातल्या तिघी बसा. आधी कागदावर तुमच्या गावातला एक दिवस लिहा, यंत्र नंतर सुरू करा. आणि माऊस दर दहा मिनिटांनी शेजारणीकडे द्यायचा आहे, कुणी धरून बसायचं नाही.