धुळीतलं ते एक मिनिट

मी पायदळातला माणूस, वैमानिक नव्हे. पण राजस्थानच्या वाळवंटात हेलिकॉप्टरची वाट बघत पुष्कळदा उभा राहिलोय. ते खाली येतं तेव्हा वाळूचा असा लोट उठतो की स्वतःचा हात दिसत नाही. वैमानिकाला जमीन दिसेल ना, एवढीच तेव्हा काळजी असायची. तीच वाळू इंजिनाच्या पोटातही जाते, हे नीट कळलं निवृत्तीनंतर, अमेरिकेच्या व्ही-२२ ऑस्प्रेबद्दल वाचताना.

ऑस्प्रे हेलिकॉप्टरसारखं सरळ वर उठतं आणि मग पंखांच्या टोकांवरचे रोटर पुढे झुकवून विमानासारखं ताशी जवळजवळ ५०० किलोमीटरने जातं. दोन टोकांना दोन टर्बोशाफ्ट इंजिनं, प्रत्येकी ६,१५० अश्वशक्तीचं. जेटमध्ये तापलेल्या वायूचा झोत विमानाला पुढे रेटतो. इथे तो टर्बाइन फिरवतो, टर्बाइन दांडा फिरवतं आणि दांडा गिअरबॉक्समार्फत रोटर. दोन्ही बाजू एका आडव्या दांड्याने जोडलेल्या. एक इंजिन बंद पडलं तरी दुसरं दोन्ही रोटर फिरवतं. ऐकायला छान! पण भरलेलं विमान एका जागी तोलून धरायला एका इंजिनाची ताकद सहसा पुरत नाही.

या इंजिनाचं घराणं आपल्या ओळखीचं आहे बरं का. २०१३ मध्ये दौलत बेग ओल्डीला उतरलेल्या आपल्या सी-१३० जे विमानाची इंजिनं त्यातलीच. फक्त ती कायम आडवी राहतात. ऑस्प्रेत रोटरबरोबर इंजिनही उभं होतं. म्हणजे तेल उभ्या अवस्थेतही नीट फिरायला हवं, आणि उष्ण झोत थेट जमिनीवर.

१७ मे २०१५, हवाई बेटं. विमानात २२ जण. धुळीत उतरण्याचा एक प्रयत्न सोडून दुसरा चाललेला. धूळ वेगळी काढणारी यंत्रणा असते, पण ती सगळी धूळ अडवत नाही. उरलेली आतल्या उष्णतेत वितळते, टर्बाइनच्या पात्यांना काचेसारखी चिकटते, हवेची वाट आवळत जाते आणि कॉम्प्रेसर गुदमरतो. एका इंजिनाचा दम गेला, विमान आपटलं. दोन मरीन गेले.

डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकी लष्कराने निवडलेल्या बेल व्ही-२८० मध्ये इंजिन आडवंच ठेवलंय. झुकतो तो फक्त रोटर आणि त्याचा गिअरबॉक्स. उष्ण झोत मागे जातो, त्यामुळे जवान बाजूच्या दारातून उतरू शकतात. मला, उतरणाऱ्यांपैकी एक म्हणून, हे फार पटलं. धूळ मात्र उठणारच. अशा विमानाचा व्हिडिओ लागला की मी घड्याळ बघतो: धूळ उठल्यापासून चाकं टेकेपर्यंत किती सेकंद गेले?